मौज कागदावर कधी येते? जुनी मुंबई, तिची मैदानं आणि माझा फसलेला आलेख

मागच्या महिन्यात घरी गेले होते, तेव्हा बाबांनी तोच प्रश्न परत विचारला. "मुंबईतले लोक दीडशे वर्षाआधी कायचे खेळ खेळत होते, हे पाहासाठी सरकार तुले फेलोशिप देते काय वं?" देते म्हटलं. ते हसले आणि पेपर वाचायला लागले.

प्रश्न रास्त आहे. मी चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका कोळसा खाणीच्या वसाहतीत वाढले, एम.एस्सी. पर्यावरणशास्त्रात केली, समुद्र पहिल्यांदा बघितला तो बाविसाव्या वर्षी. आणि पीएच.डी. करतेय १८५० ते १९१५ या काळातल्या मुंबईवर: तिथली नाना धर्मांची, नाना भाषांची माणसं मोकळा वेळ कुठे घालवायची, कुणाबरोबर घालवायची आणि कुणाला वगळून. 'कुणाला वगळून' हा शेवटचा तुकडा माझ्या पहिल्या सिनॉप्सिसमध्ये नव्हता. तो कसा आला ते आज सांगते. तुमच्यापैकी बरेच जण आत्ता पेट पास होऊन विषय शोधताय, आणि मी केलेली चूक तुमच्याही हातून होण्याची चांगलीच शक्यता आहे.

विज्ञानातून आलेल्या माणसाची पहिली सवय म्हणजे मोजणं. मुंबईला महाराष्ट्र शासनाचं अभिलेखागार एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत आहे. तिथे काही महिने बसून मी करमणुकीशी संबंधित जे जे कागद सापडतील ते उतरवले. सण, मिरवणुका, नाटकं, जुगार, पतंग, मैदानावरचे खेळ. एक्सेलची फाईल केली, महिन्यांप्रमाणे लावली आणि आलेख काढला. आलेख फार सुंदर दिसत होता. त्यावरून निष्कर्ष निघत होता की जुन्या मुंबईतले लोक करमणूक म्हणजे मुख्यतः भांडणंच करायचे, आणि होळीच्या आसपास जास्त करायचे.

गाईड सरांनी तो बघितला आणि विचारलं, "अगं, हा मुंबईचा आलेख आहे की तक्रारींचा?"

मला दोन मिनिटं कळलंच नाही. मग कळलं आणि लाजच वाटली, कारण हाच धडा मी एम.एस्सी.ला ताडोब्यात शिकले होते. कॅमेरा ट्रॅप लावतो तो जंगलातल्या वाटेवर. वाघ, बिबट, अस्वल वाटेनं चालतात म्हणून ते फोटोत येतात. माकडं झाडावरून जातात, ती कमी येतात. कमी फोटो आले म्हणजे जंगलात माकडं कमी आहेत, असं कुणी लिहिलं तर आम्ही हसलो असतो. अभिलेखागारातल्या कागदांचंही तसंच. सरकारी कागद तयार होतो कधी? कुणीतरी अर्ज केला, कुणीतरी मनाई केली, कुणाचं तरी डोकं फुटलं की. रोज संध्याकाळी हजारो लोक चौपाटीवर वारा खायला गेले आणि सुखरूप घरी आले, याचा कागद कोण कशाला करणार?

त्यात एक अगदी बाळबोध चूक होती, तीही सांगून टाकते. मी इंग्रजी महिने धरले होते. मोहरम हिजरी पंचांगानं येतो आणि दरवर्षी साधारण ११ दिवस आधी सरकतो. तीस-पस्तीस वर्षांची आकडेवारी इंग्रजी महिन्यांवर लावली की तो सगळ्या वर्षभर पातळ पसरतो आणि आलेखात दिसेनासा होतो. होळी मात्र फेब्रुवारी-मार्चमध्येच येते, म्हणून तिचा डोंगर उठून दिसतो. म्हणजे एकाच शहरातल्या दोन सणांपैकी एक माझ्या अक्षानंच गिळला होता. बहुसांस्कृतिक शहरावर काम करायचं म्हणता आणि पंचांग एकच वापरता, असं सर म्हणाले नाहीत. म्हणायला हवं होतं.

आता तक्रारीचा कागद वाईट असतो असं मला म्हणायचं नाही. उलट माझ्या प्रबंधातलं सगळ्यात रंगतदार प्रकरण एका तक्रारीवरच उभं आहे. पण तो कागद वाचायचा कसा, हे आधी ठरवावं लागतं.

हे प्रकरण एस्प्लनेडचं. आज मुंबईत आझाद मैदान, क्रॉस मैदान, ओव्हल आणि कूपरेज अशी जी वेगवेगळी नावं आहेत ती सगळी एकेकाळी किल्ल्याबाहेरची एकच मोकळी जागा होती. किल्ल्यावरून तोफा डागायला समोर आडोसा नको, म्हणून इंग्रजांनी ती उघडी ठेवली होती. म्हणजे मुंबईकरांची खेळायची जागा लढाईच्या भीतीतून तयार झाली. १८६० च्या दशकात किल्ल्याची भिंतच पाडली, जागा मात्र राहिली. तिथे फौजेची कवायत व्हायची, संध्याकाळी बँड वाजायचा, गोरे लोक घोड्यावरून फेरफटका मारायचे आणि पारशी पोरं क्रिकेट खेळायची. सुरुवातीला तर छत्रीची बॅट आणि उंच टोपीचा स्टम्प करून खेळायची, असं जुन्या लेखनात येतं. पारशांचा ओरिएंटल क्रिकेट क्लब निघाला १८४८ ला. त्यांच्या मागोमाग हिंदू आणि मुसलमान पोरंही मैदानात उतरली.

१८७५ ला बॉम्बे जिमखाना निघाला, फक्त युरोपियनांसाठी. त्यांना क्रिकेटसाठी मैदानाचा वेगळा, राखलेला तुकडा मिळाला. तिथे देशी माणसाला खेळायला बंदी. इथवर एकवेळ चाललं असतं. पण जिमखान्यातल्या मूठभर मंडळींना पोलोही खेळायचा होता, आणि पोलो ते आपल्या राखलेल्या हिरवळीवर खेळायचे नाहीत. देशी पोरं जिथे क्रिकेट खेळायची त्या परेड ग्राउंडवर आठवड्यातून दोन संध्याकाळी घोडी आणायचे. घोड्याच्या टापांनी जमीन कशी होते हे ज्यानं बैलगाडीची वाट बघितली आहे त्याला सांगायला नको. तिथे टाकलेला चेंडू कुठे उसळेल याचा नेम राहायचा नाही. पोलोच्या दिवशी खेळता यायचं नाही, आणि बाकीच्या दिवशी खेळपट्टी खेळण्यासारखी राहायची नाही.

१८८१ मध्ये देशी क्रिकेटपटूंनी गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांच्याकडे शेकडो सह्यांचा अर्ज केला. पुढचा घोळ आपल्याकडच्या कुठल्याही कार्यालयाला शोभेल असा आहे. सरकारनं आधी पोलो दुसरीकडे हलवायला सांगितलं. जिमखान्यानं धावाधाव केली. सरकारनं निर्णय फिरवला, घोडी परत आली. परत अर्ज. शापूरजी सोराबजी या पारशी क्रिकेटपटूनं ही सगळी हकीकत १८९७ साली इंग्रजीत पुस्तकरूपानं छापली, आणि तिच्या नावातच 'युरोपियन पोलो विरुद्ध देशी क्रिकेट' असं लिहून टाकलं. रामचंद्र गुहा यांनी भारतीय क्रिकेटचा सामाजिक इतिहास लिहिताना याच पुस्तकाचा भरपूर आधार घेतला आहे. ज्यांना खेळाच्या इतिहासावर काम करायचंय त्यांनी गुहांचं पुस्तक वाचाच. लिटरेचर रिव्ह्यूसाठी म्हणून नाही, चांगलं आहे म्हणून.

आता कॅमेरा ट्रॅप आठवा आणि अर्ज परत वाचा. त्यातून आपल्याला काय कळतं? पारशी मध्यमवर्गाला इंग्रजी येत होतं, अर्ज कसा लिहायचा हे येत होतं, आणि सरकार आपलं ऐकेल अशी थोडी आशा होती. मैदानावरच्या बाकीच्यांचं काय? अर्ज न करता जे तिथे बसले, खेळले, झोपले, शेंगा विकल्या, ते वाटेनं चाललेच नाहीत. मैदान गेलं तर त्यांचंही गेलं असणार. पण त्यांच्या नुकसानीची फाईल नाही. माझ्या पहिल्या मसुद्यात मी लिहिलं होतं की 'मैदानावर पारशी समाजाचं वर्चस्व होतं'. ते वाक्य खोडून 'मैदानाबद्दलच्या कागदांवर' असं केलं. एका शब्दाचा फरक आहे, पण त्याला मला आठ महिने लागले.

शहर केवढं मिश्र होतं याची कल्पना यावी म्हणून थोडे आकडे. १८६४ च्या मोजणीत मुंबईची लोकसंख्या ८,१६,५६२ भरली. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे कापसाला सोन्याचा भाव आला होता आणि माणसं नुसती लोटत होती. १८६५ ला युद्ध संपलं, बाजार कोसळला, आणि १८७२ च्या जनगणनेत आकडा ६,४४,४०५ वर आला. म्हणजे आठ वर्षांत पावणेदोन लाख माणसं कमी. अशा शहरात 'मूळचा' कोण? या लाटेच्या ऐन मध्यावर, १८६३ ला, गोविंद नारायण माडगावकरांनी 'मुंबईचे वर्णन' लिहिलं. एका मराठी शिक्षकानं आपल्या डोळ्यांसमोर बदलणारं शहर नोंदवलं: जाती, धर्म, बाजार, सण, वाहनं, कारखाने सगळं. तक्रारीवाचून लिहिलेला असा ऐवज फार कमी सापडतो. माडगावकरांना इंग्रजी राज्याचं कौतुक जरा जास्तच आहे, ते गाळून वाचावं लागतं. पण माणूस हिंडलेला आहे आणि त्याला गर्दी आवडते, हे पानापानावर जाणवतं.

ही नाना तऱ्हेची माणसं एकमेकांत कितपत मिसळायची? या प्रश्नावर माझं मत दोनदा बदललंय.

आधी वाटायचं, खूप मिसळायची. त्याला पुरावा नाटकाचा. ग्रँट रोडवर १८४६ ला नाट्यगृह उघडलं, त्याची जागा जगन्नाथ शंकरशेट यांनी दिली होती. तिथे सुरुवातीला इंग्रजी नाटकं व्हायची. १८५३ या एकाच वर्षात सांगलीहून आलेल्या विष्णुदास भाव्यांच्या मंडळीनं तिथे मराठी पौराणिक खेळ केले, आणि त्याच वर्षी पारशी नाटक मंडळीनं रुस्तम-सोहराबची कथा गुजरातीत रंगवली. भाव्यांनी पुढे हिंदुस्थानी भाषेत 'राजा गोपीचंद' केलं, कारण मुंबईच्या प्रेक्षकाला एक भाषा पुरत नव्हती. एक रंगमंच, एक वर्ष, चार भाषा. मी हे वाचून इतकी खूश झाले होते की सेमिनारची पहिली स्लाईड हीच ठेवली.

मग जिमखान्यांकडे वळले, आणि मत फिरलं.

मैदानाच्या भांडणावर सरकारनं जो तोडगा काढला तो असा: समुद्र भरून काढलेल्या नव्या जमिनीवर, केनेडी सी-फेसला, प्रत्येक समाजाला वेगळी जागा. तीच पट्टी पुढे मरीन ड्राईव्हच्या कडेला आली. पारशी जिमखाना १८८५ चा, हिंदू जिमखाना १८९४ चा, इस्लाम जिमखानाही १८९० च्याच दशकातला. आजही मरीन ड्राईव्हवरून चाललात तर हे तीन जिमखाने ओळीनं दिसतात. लोकांनी मागितलं होतं खेळायला मैदान. मिळालं, पण धर्माप्रमाणे कुंपण घालून. १८९२ पासून पारशी विरुद्ध युरोपियन असे वार्षिक सामने सुरू झाले, १९०७ ला हिंदू आले, १९१२ ला मुस्लिम, १९३७ ला 'बाकीचे' नावाचा पाचवा संघ. बाकीचे म्हणजे ख्रिस्ती, अँग्लो-इंडियन, ज्यू वगैरे कुठल्याच खणात न बसणारे. १९४० ला गांधीजींनी या धर्मवार क्रिकेटला उघड विरोध केला. ते बंद पडायला १९४६ उजाडलं.

इथे मला आमची वसाहत आठवते. आमच्या ओळीत तेलुगू, बंगाली, छत्तीसगढी, बिहारी, गोंड, मराठी अशी सगळी घरं होती. गणपतीला तेलुगू काकू पुलिहोरा पाठवायच्या, आई पुरणपोळी द्यायची. मी कुठल्याही मुलाखतीत आमची वसाहत म्हणजे छोटा भारत असं ठोकून द्यायचे. पण वसाहतीत क्लब दोन होते. एक अधिकाऱ्यांचा, टेनिस कोर्टवाला. दुसरा कामगारांचा, त्यात एक कॅरम आणि एक टीव्ही. दोन्हींच्या मधोमध फुटबॉलचं मैदान. मैदानावर आम्ही सगळी पोरं एकत्र खेळायचो आणि तहान लागली की आपापल्या बाजूला जायचो. हे मला वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, केनेडी सी-फेसचा नकाशा बघताना दिसलं.

पळवणकर बंधूंची गोष्ट तुम्हाला माहीत असेल, तरी इथे सांगितल्याशिवाय राहवत नाही. पळवणकर बाळू, चर्मकार समाजातले, पुण्याच्या गोऱ्यांच्या क्लबात महिना चार रुपयांवर मैदानाची कामं करायचे. गोऱ्या फलंदाजांना सरावासाठी गोलंदाजी करता करता ते असे डावखुरे फिरकी गोलंदाज झाले की पुण्याच्या हिंदू क्लबाला त्यांना संघात घ्यावंच लागलं. मैदानावर सगळे तोच चेंडू हातात घ्यायचे. चहाच्या वेळी बाळूंना चहा बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात. पुढे ते मुंबईला हिंदू जिमखान्याकडून खेळले, १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात सगळे सामने धरून १०० हून जास्त बळी घेतले. एवढं करूनही हिंदूंच्या संघाचं कर्णधारपद त्यांना कधी दिलं गेलं नाही. ते त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांना १९२३ ला मिळालं, आणि त्या वर्षी हिंदू जिंकले. विठ्ठल यांनी पुढे मराठीत 'माझे क्रीडा-जीवन' हे आत्मचरित्र लिहिलं. संशोधकासाठी त्याचं मोल वेगळंच आहे: मैदानावरच्या अपमानाची आणि आनंदाची हकीकत खुद्द खेळणाऱ्याच्या भाषेत, अर्जाच्या भाषेत नाही.

म्हणून आता मी 'मिसळायचे की नाही' असा प्रश्नच विचारत नाही. बघायला मिसळायचे, खेळायला कधी कधी, जेवायला नाही. प्रत्येक करमणुकीत ही रेघ वेगळ्या ठिकाणी पडते. ती कुठे पडते हे शोधणं हेच माझं काम, असं सध्या ठरलंय.

ही रेघ फक्त जागेवर पडत नाही, वेळेवरही पडते. मोकळा वेळ म्हणतो आपण, पण तो मुळात कुणाकडे होता? गिरणगावातल्या कामगाराकडे १८९० पर्यंत आठवड्याची ठरलेली सुट्टीच नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ ला गिरणी कामगारांची संघटना उभारली, 'दीनबंधू'तून लिहिलं, सभा घेतल्या, सह्या गोळा केल्या, आणि १० जून १८९० ला गिरणी मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. आपण कॅलेंडरवर जो लाल रविवार बघतो, त्याच्या मागे हे आहे. माझ्या कालखंडाचे मी त्यामुळे दोन भाग केलेत, १८९० आधी आणि नंतर. काही परीक्षकांना हे पटत नाही. करमणुकीच्या इतिहासात गिरणीचं काय काम, असं एकानं विचारलं. पण भजनी मंडळं, आखाडे, तमाशाच्या बाऱ्या, कोकणातल्या लोकांचं दशावतार हे सगळं कामगारवस्तीत कधी आणि किती वेळ चालणार, ते भोंग्यावर ठरायचं. संध्याकाळी साडेपाचला परेड ग्राउंडवर पोहोचू शकणारा माणूस कोण होता, हे विचारलं की अर्ज कुणी केला याचंही अर्धं उत्तर मिळतं.

बायकांचं प्रकरण लिहिताना मी सगळ्यात जास्त अडले आहे. ७ जुलै १८९६ ला वॉटसन हॉटेलात ल्युमिए बंधूंची हलती चित्रं दाखवली, तिकीट एक रुपया. आठवड्याभरात खेळ नॉव्हेल्टी थिएटरात गेले. तिथे चार आण्यांपासून दोन रुपयांपर्यंत दर लागले, आणि पडदा पाळणाऱ्या स्त्रियांसाठी वेगळे कक्ष ठेवले. म्हणजे बायका आल्या होत्या. पण जाहिरातीत त्या दिसतात फक्त कक्ष म्हणून. कोण आल्या, कुणाबरोबर आल्या, पडद्यावरची आगगाडी बघून काय म्हणाल्या, काही नाही. राणीचा बाग १८६२ ला उघडला, तिथेही तेच. अशा वेळी रमाबाई रानडे यांच्या 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' या पुस्तकासारखा आधार लागतो. ते १९१० चं आहे आणि करमणुकीवर अजिबात नाही. पण सभेला जायचं, इंग्रजी शिकायचं, घरातल्या बायकांची बोलणी खायची, यातून 'बाहेर पडणं' म्हणजे काय होतं ते कळतं. थेट पुरावा नसला की शेजारचा पुरावा वाचायचा. विज्ञानात याला प्रॉक्सी म्हणतो. इतिहासवाले असं नाव देत नाहीत, पण करतात तेच.

एक इशारा मात्र देऊन ठेवते. ललित लेखन सापडलं म्हणून हुरळून जाऊ नका. मोहरमवर मला जे सगळ्यात रसरशीत वर्णन मिळालं ते एस. एम. एडवर्ड्स यांचं. रात्रीचे दिवे, मोहल्ल्यामोहल्ल्यातून निघणाऱ्या टोळ्या, ताबूत बघायला आलेली सगळ्या धर्मांची गर्दी. त्यांचं 'बाय-वेज ऑफ बॉम्बे' वाचताना वाटतं, काय प्रेम आहे या माणसाचं या शहरावर! सिद्दी लोकांच्या नाचगाण्यावरही त्यांनी लिहिलंय. आणि हेच एडवर्ड्स १९०९ ते १९१६ मुंबईचे पोलीस कमिशनर होते. मोहरमच्या टोळ्यांवर आणि ताबुतांच्या मिरवणुकीवर १९१२ पासून जी कडक बंधनं आली, जिच्यामुळे तो जुना सोहळा संपत गेला, ती त्यांच्याच सहीची. म्हणजे मी ज्याला तक्रारीबाहेरचा कागद समजत होते, तोही पोलीस चौकीच्या खिडकीतूनच लिहिलेला निघाला. आणखी गंमत म्हणजे मुंबईच्या १९०९-१० च्या गॅझेटियरचे संपादकही तेच. तीन वेगवेगळे स्रोत एकाच गोष्टीला दुजोरा देतात, असं मी फूटनोटमध्ये अभिमानानं लिहिलं होतं. स्रोत तीन, माणूस एक! तुमच्या विषयात असं कुणी आहे का, हे सिनॉप्सिस द्यायच्या आधी एकदा बघून घ्या.

हे सगळं मुंबईपुरतंच आहे असं समजू नका. आपल्याकडचा शंकरपट घ्या. झाडीपट्टीत पिढ्यान्‌पिढ्या पट भरतो, पण त्याचे कागद किती? ७ मे २०१४ ला सर्वोच्च न्यायालयानं बैलांच्या शर्यतींवर बंदी आणली आणि मग कागदांचा पूर आला. निवेदनं, मोर्चे, राज्याचा कायदा, १६ डिसेंबर २०२१ चा सशर्त परवानगीचा आदेश, १८ मे २०२३ चा घटनापीठाचा निकाल. पन्नास वर्षांनी कुणी पोरगी या विषयावर पीएच.डी. करायला बसली तर तिला वाटेल, शंकरपट म्हणजे २०१४ नंतर सुरू झालेलं काहीतरी कायदेशीर प्रकरण आहे. पटाच्या रात्री गावात नाटक असतं, लेकी माहेरी येतात, पाहुण्यांनी घर भरतं, सोयरिकी जुळतात, यातलं काहीही निकालपत्रात नाही.

नाटकाचं मात्र बरं आहे. मंडई आणि पटाच्या हंगामात झाडीपट्टीची नाटकं रात्रभर चालतात आणि त्यांचं बुकिंग होतं देसाईगंजला, म्हणजे आपल्या वडशाला. दिवाळीच्या आधीपासून गावोगावची मंडळं तिथल्या कंपन्यांच्या ऑफिसात येतात, तारीख धरतात, ॲडव्हान्स देतात. यावेळी बाबांना घेऊन मुद्दाम वडशाला गेले. एका ऑफिसात बुकिंगची जुनी वही बघायला मिळाली. गाव, तारीख, नाटकाचं नाव, ठरलेली रक्कम, दिलेली रक्कम. पानंच्या पानं. कुणाची तक्रार नाही, कुणाची मनाई नाही, नुसती मौज ठरवल्याची नोंद. मी खाली बसून फोटो काढत होते आणि बाबा मालकाशी बोलत होते, आमच्या गावात कोणत्या साली कोणतं नाटक झालं होतं ते. दोघांचं साल जुळेना. शेवटी वही उघडली. बाबा एका वर्षानं चुकले होते.

मुंबईच्या नाट्यगृहांची अशी वही मला अजून सापडलेली नाही. त्याच्या जवळपास जाणारं जे आहे ते म्हणजे वर्तमानपत्रांतल्या जाहिराती. सध्या त्या उतरवतेय. नवीन फाईलमध्ये तारखेचे दोन रकाने आहेत, इंग्रजी आणि ज्या समाजाचा कार्यक्रम त्याच्या पंचांगाची. पण सगळ्यात आधी भरते तो तिकिटाच्या दराचा. महिना दहा-पंधरा रुपये मिळवणाऱ्या गिरणी कामगारासाठी चार आणे ही काय चीज होती, ते त्याशिवाय कळणार नाही. आलेख अजून काढलेला नाही.